सोळा कॅमेरे, एक राउटर

कारखाना भोसरीत आणि मालक साताऱ्याकडे एका लग्नात. पंगत उठायच्या आत ते खिशातून फोन काढतात, ॲप उघडतात आणि डिस्पॅचच्या दारात लागलेला टेम्पो बघतात. मागचा फाळका उघडा आहे, दोन पोरं खोकी चढवताहेत. समाधान झालं, फोन परत खिशात. यात आता कुणालाच नवल वाटत नाही.

तरी एक कोडं उरतंच. बाहेरच्याला आत येऊ न देणं हे कारखान्यातल्या राउटरचं काम. मग शंभरेक किलोमीटरवरच्या फोनला आतलं चित्र दिसलं कसं? आणि मालकाला वाट सापडत असेल, तर तीच वाट आणखी कुणाला का सापडू नये?

सापडू शकते, आणि पुष्कळ ठिकाणी सापडतेही. याचं कारण कॅमेऱ्यांची खरेदी कशी होते त्यात आहे. कोटेशनमध्ये मेगापिक्सेल असतात, हार्ड डिस्क असते, मीटरवर केबल असते. हे सगळं एकमेकांना कसं जोडायचं, कोणी कोणाशी बोलायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. स्विचवर रिकामा पोर्ट कुठे आहे आणि शिडी कुठवर पोचते, यावर ते ठरतं.

डब्यातला कॉम्प्युटर

भिंतीवरच्या आयपी कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे सेन्सर असतो आणि त्याच्या मागे नखाएवढी एक चिप. या चिपवर बहुतेक वेळा लिनक्स चालतं. सेन्सरकडून आलेलं चित्र दाबून लहान करायचं आणि केबलवरून पुढे पाठवायचं, हे तिचं मुख्य काम. पण त्याच चिपवर सेटिंग बदलण्यासाठी एक छोटं वेबपेज असतं, लॉगिन असतं, आणि तयार करताना चाचणीसाठी ठेवलेला एखादा चोरदरवाजा कधीकधी तसाच राहून गेलेला असतो. म्हणजे भिंतीवर टांगलाय तो एक कॉम्प्युटरच. त्याला अँटिव्हायरस नाही, तो चोवीस तास चालू असतो, आणि एकदा बसवला की चित्र बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

(जुन्या को-ॲक्सियल केबलच्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. ते फक्त चित्राचा सिग्नल पाठवतात, त्यामुळे धोका सगळा डीव्हीआरमध्ये, म्हणजे त्यांच्या रेकॉर्डरमध्ये, एकवटलेला असतो. निव्वळ जुने म्हणून ते उतरवायची घाई करू नये, असं माझं मत आहे.)

या डब्यांचं काय करता येतं ते जगाने २०१६ मध्ये पाहिलं. त्या वर्षाच्या उत्तरार्धात 'मिराय' नावाचा प्रोग्राम पसरला. त्याची युक्ती पोरकट वाटावी इतकी साधी होती. इंटरनेटवर उघडी पडलेली उपकरणं शोधायची आणि कंपन्यांनी मुळात घालून दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून बघायच्या. एखादी लागली की उपकरण ताब्यात. असे लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर त्याने गोळा केले. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच फौजेने 'डिन' या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर मागण्यांचा भडिमार केला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणं हे त्या कंपनीचं काम, त्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट अमेरिकेत कित्येक तास धड उघडत नव्हत्या. मिराय लिहिणारे तीन तरुण कुठल्या शत्रुराष्ट्राचे हस्तक वगैरे नव्हते. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या आपसातल्या चढाओढीतून हा उद्योग वाढला होता. पुढे कोड खुला झाला आणि ज्याला हवा त्याने तो वापरला.

यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. सापडलेल्या काही उपकरणांत एक पासवर्ड थेट फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपवर कायमच्या बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेला होता. मालकाने स्क्रीनवरचा पासवर्ड बदलला तरी आतला तसाच राहायचा. म्हणून 'पासवर्ड बदला' हा सल्ला बरोबर असला तरी पुरेसा नाही. जाळं असं आखायला हवं की कॅमेरा फितूर झाला तरी त्याचं फार काही चालू नये.

फोनपर्यंतच्या तीन वाटा

आता कोड्याकडे. राउटरचा नियम असा, की आतल्या कुणी बाहेर मागणी केली तर तिचं उत्तर तो आत सोडतो. बाहेरून कुणी आपण होऊन आलं, तर ते कोणाकडे पाठवायचं हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. मालकाचा फोन हा बाहेरूनच येणारा. त्याला आत घ्यायच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली पोर्ट फॉरवर्डिंगची. राउटरला सांगून ठेवायचं की अमुक क्रमांकाच्या पोर्टवर कुणी आलं तर त्याला सरळ डीव्हीआरकडे सोड. काम फत्ते होतं, पण येणारा मालक आहे की आणखी कुणी, हे राउटर बघत नाही. आणि शोधणाऱ्याला मेहनत घ्यावी लागत नाही. 'शोडॅन' नावाचं एक सर्च इंजिन २००९ पासून चालू आहे. गूगल वेबपानं शोधतं, तसं ते इंटरनेटवर उघडी पडलेली उपकरणं शोधून त्यांची यादी ठेवतं. त्यात भर म्हणजे बऱ्याच राउटरमध्ये 'यूपीएनपी' नावाची सोय चालू असते. तिच्यामुळे डीव्हीआर स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो, मालकाला पत्ताही लागत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी तऱ्हा आज सगळ्यात जास्त चालते. सीसीटीव्हीवाला डीव्हीआरवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करून 'मोबाइलवर लाइव्ह' चालू करून देतो, ती. इथे रेकॉर्डर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतो आणि लाइन चालू ठेवतो. मालकाचं ॲपही त्याच सर्व्हरकडे जातं आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. बोलणं आतून सुरू झालेलं असल्यामुळे राउटर आडकाठी करत नाही आणि पोर्टही उघडावा लागत नाही. मात्र सगळा भरवसा त्या कंपनीवर आणि उपकरणाच्या ओळख क्रमांकावर येतो. असे क्रमांक अंदाजाने काढता येतात आणि त्यावरून परक्याच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचता येतं, हे २०१९ मध्ये एका संशोधकाने स्वस्त कॅमेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या अशा एका यंत्रणेबद्दल दाखवून दिलं होतं. त्यात २० लाखांहून अधिक उपकरणं सापडली होती.

तिसरी तऱ्हा व्हीपीएनची. मालकाचा फोन आधी कारखान्याच्या फायरवॉलपाशी स्वतःची ओळख पटवतो, मग दोघांमध्ये कुलूपबंद भुयारासारखा जोड तयार होतो आणि त्यातूनच चित्र येतं. बाहेरच्या जगाला रेकॉर्डर दिसतच नाही. दिसते फक्त फायरवॉल, आणि तिचं कामच अनोळखी माणसाला परतवण्याचं आहे.

माझा कौल साधा आहे. ज्याच्याकडे कॉम्प्युटर सांभाळायला माणूस आहे, त्याने व्हीपीएनच लावावं. चार कॅमेऱ्यांच्या किराणा दुकानाला ते झेपणार नसेल, तर नावाजलेल्या कंपनीचं ॲप, लांब पासवर्ड आणि ओटीपीची दुहेरी तपासणी एवढ्यावर चालेल. पोर्ट फॉरवर्डिंग मात्र कोणीच ठेवू नये.

ओसरीपर्यंतच

भोसरीचा आपला कारखाना समजा असा आहे : सोळा कॅमेरे, एक एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), टॅलीचा कॉम्प्युटर, ड्रॉइंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, हजेरीचं बोट लावायचं मशिन आणि स्टाफचं वायफाय. सगळं एका स्विचला, स्विच राउटरला. अशा मांडणीत कोणतंही यंत्र कोणत्याही यंत्राचं दार ठोठावू शकतं. गेटवरच्या कॅमेऱ्यातून टॅलीच्या डेटापर्यंत अडवणारं मध्ये काहीच नसतं.

जुन्या वाड्यात दिंडी दरवाजातून माणसं दिवसभर ये-जा करत, पण कोणी कुठवर यायचं हे ठरलेलं असे. हिशेबाला आलेलं कूळ ओसरीपर्यंत, पाहुणा सोप्यापर्यंत आणि माजघरात फक्त घरची माणसं. व्हीलॅन म्हणजे हीच रीत स्विचला शिकवणं. तारा त्याच राहतात, स्विचही तोच, पण सेटिंगने त्याचे पोर्ट वेगवेगळ्या गटांत वाटले जातात. एका गटातलं यंत्र दुसऱ्या गटाला दिसत नाही. गटांच्या मधल्या उंबऱ्यावर फायरवॉल बसते आणि कोणाला ओलांडू द्यायचं ते ठरवते. यासाठी 'मॅनेज्ड' प्रकारचा स्विच लागतो. साध्या स्विचला हे जमत नाही.

उंबऱ्यावरचे नियम थोडकेच असतात. कॅमेऱ्याने फक्त एनव्हीआरशी बोलायचं. कॅमेऱ्याला इंटरनेट नाही, एकालाही नाही. ऑफिसातून कुणाला चित्र बघायचं असेल तर ते एनव्हीआरकडे मागायचं, कॅमेऱ्याकडे थेट जायचं नाही. आणि एनव्हीआरलाही ऑफिसच्या कॉम्प्युटरांकडे आपण होऊन जायची मुभा नाही.

याची गरज किती, ते मार्च २०२५ मध्ये 'एस-आरएम' या सायबरसुरक्षा कंपनीने उघड केलेल्या एका प्रकरणात दिसतं. 'अकिरा' ही खंडणीखोर टोळी एका कंपनीच्या जाळ्यात शिरली होती. फायली कुलूपबंद करणारा प्रोग्राम तिने विंडोजच्या सर्व्हरवर उतरवला, पण तिथल्या सुरक्षा सॉफ्टवेअरने तो लगेच पकडला. मग टोळीने जाळ्यात आणखी काय काय आहे ते चाचपलं. एक वेबकॅम सापडला. तो लिनक्सवर चालणारा, जुन्या त्रुटी तशाच असलेला आणि सुरक्षा सॉफ्टवेअर नसलेला. टोळीने त्याच्यावर बसून नेटवर्कवरून सर्व्हरच्या फायली उघडल्या आणि तिथूनच कुलूपबंद केल्या. कॅमेरा वेगळ्या व्हीलॅनमध्ये असता, तर त्याला सर्व्हर दिसलाच नसता.

खर्च वाढवायचा नसेल तर एक सोपी वाट आहे. काही एनव्हीआरना पाठीमागे ८ किंवा १६ पीओई पोर्ट असतात. पीओई म्हणजे एकाच केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही. कॅमेरे थेट त्यांना जोडले की त्यांचं जाळं आपोआप वेगळं होतं, आणि एनव्हीआरला एक यूपीएस दिला की वीज गेली तरी सोळाच्या सोळा चालू राहतात. मर्यादा एवढीच, की एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी.

मागच्या भिंतीवरची केबल

कुंपणाच्या मागच्या बाजूचा कॅमेरा बघा. खांबावर कॅमेरा, खाली पांढरा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, दोन स्क्रू, आत प्लगमध्ये खोचलेली निळी केबल. चोराला कॅमेऱ्याशी देणंघेणं नसेल, तर तो ती केबल काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावेल आणि भिंतीबाहेर उभं राहून कारखान्याच्या जाळ्यात असेल. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणलं की व्हीलॅन कशासाठी ते वेगळं समजवावं लागत नाही.

मॅनेज्ड स्विचला असंही सांगता येतं की या पोर्टवर हाच कॅमेरा हवा, दुसरं काही लागलं तर पोर्ट बंद कर आणि कळव. कॅमेऱ्याचा हार्डवेअर क्रमांक नोंदवून हे करतात. त्या क्रमांकाची नक्कल करणारे असतात, म्हणून मोठ्या जाळ्यात प्रत्येक उपकरणाला डिजिटल प्रमाणपत्र देऊन तेच तपासतात. कारखान्याला पहिलं पुरे. त्याहून आधी बॉक्स लोखंडी घ्यावा आणि केबल पाइपमधून न्यावी.

चाव्या कुणाकडे

इथे तंत्रज्ञान संपतं आणि माणसं सुरू होतात. कॅमेरे बसवणाऱ्याने शहरभर सगळीकडे एकच पासवर्ड ठेवलेला असतो, आठवणीला सोपा म्हणून. कधी तो मार्करने डीव्हीआरच्या डोक्यावरच लिहिलेला असतो. नोकरी सोडून गेलेल्या सुपरवायझरच्या फोनवर ॲप तसंच चालू असतं. यावर उपाय म्हणजे ॲडमिनचं खातं एकट्या मालकाकडे, वॉचमनला फक्त बघायचं खातं, देखभालीच्या कंत्राटवाल्याला कामापुरतं खातं, आणि माणूस गेला की त्याचं खातं बंद.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीचं चित्रीकरण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी धरलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. डिजिटल कुलूप कच्चं होतं हे खरंच, पण त्याआधीची चूक आराखड्यातली होती. त्या खोलीत कॅमेरा असायलाच नको होता. कॅमेरा कुठे लावायचा नाही, हे नकाशावर सगळ्यात आधी खुणावून घ्यावं.

आणि चाव्या तुमच्याकडेच असतात असंही नाही. मार्च २०२१ मध्ये 'व्हर्काडा' या अमेरिकी कंपनीचं एक सर्वाधिकारी खातं हल्लेखोरांच्या हाती लागलं आणि तिच्या ग्राहकांचे सुमारे दीड लाख कॅमेरे एकदम उघडे पडले. त्यात टेस्लाचे होते, दवाखान्यांचे आणि तुरुंगांचेही. ग्राहकांचे स्वतःचे पासवर्ड कितीही पक्के असते तरी काही उपयोग नव्हता. क्लाउडवर फुटेज ठेवायला देताना 'तुमच्यापैकी कोणाकोणाला आमचं चित्र दिसतं?' हे कंपनीला लेखी विचारावं.

खरेदीबद्दल थोडंच सांगतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली आणि एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. चाचणीचे छुपे पोर्ट बंद आहेत का, फर्मवेअर कंपनीचंच आहे याची खात्री कॅमेरा करतो का, अशा गोष्टी त्यात तपासतात. कोटेशन घेताना मॉडेल या चाचणीत उतरल्याचं एसटीक्यूसी प्रमाणपत्र मागावं आणि फर्मवेअरचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, तेही विचारावं.

रेकॉर्डर चोरीला गेला तर

पुष्कळ दुकानांत डीव्हीआर गल्ल्याच्या वरच्या फळीवर असतो, मॉनिटरच्या शेजारी. चोर जाताना तोही उचलतो. रेकॉर्डर कुलपाच्या रॅकमध्ये, वेगळ्या खोलीत असावा आणि गेट, तिजोरी, डिस्पॅच अशा दोन-तीन कॅमेऱ्यांच्या फुटेजची प्रत दुसरीकडे जात राहावी.

प्रत लागते ती चोरामुळेच असंही नाही. जानेवारी २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या पोलिसांचे १८७ पैकी १२३ रेकॉर्डर खंडणीखोर सॉफ्टवेअरने बंद पाडले, आणि तेही नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला आठवडा राहिला असताना. खंडणी दिली नाही. यंत्रं पुसून सॉफ्टवेअर नव्याने घालावं लागलं.

चौकट : महिन्याचं फुटेज किती जागा खातं?
फुल एचडी कॅमेरा एच.२६५ पद्धतीने सेकंदाला साधारण २ मेगाबिट पाठवतो असं धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला १,७२,८०० मेगाबिट. ८ ने भागलं की २१,६०० मेगाबाइट, अर्थात २१.६ जीबी. सोळा कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे ३४६ जीबी, तीस दिवसांचे १०.४ टीबी. कोटेशनमध्ये 'एक महिन्याचा बॅकअप' आणि खाली ४ टीबीची डिस्क लिहिलेली असेल, तर ती साडेअकरा दिवसांत भरते. हालचाल असतानाच रेकॉर्डिंग केलं तर जास्त दिवस पुरेल, पण मग तसं करणार का ते आधी विचारून घ्या. (बाजारात 'बॅकअप' म्हणतात ते प्रत्यक्षात फक्त साठवण असते. दुसरी प्रत त्यात धरलेली नसते.)

तीन वाजले होते का?

रेकॉर्डरमधलं घड्याळ क्वार्ट्झवर चालतं आणि दिवसाला दीड-दोन सेकंद सहज चुकतं. वर्षात दहा मिनिटांचा फरक पडतो. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली, तर वीज गेल्यावर तारीखच कित्येक वर्षं मागे जाते. उपाय म्हणजे एनव्हीआरने ठरावीक वेळाने टाइम सर्व्हरकडून वेळ जुळवून घ्यायची आणि कॅमेऱ्यांनी एनव्हीआरकडून. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी या सरकारी संस्थेच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवायची आहेत. सायबर हल्ला लक्षात आला की ६ तासांत कळवायचं, हेही त्याच आदेशात आहे.

मिनिटांचं मोल किती, हे जालन्याच्या एका खटल्यात दिसलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावरून वाद झाला आणि पुरावा म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुढे आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल, तर सीडीसारख्या प्रतीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच.

तो कायदा आता बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याच्या नमुन्यात एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची 'हॅश' किंमत लिहायची. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवर ठरावीक गणित करून येणारा आकड्या-अक्षरांचा ठसा. 'शा-२५६' या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. म्हणून पोलिसांना पेनड्राइव्हवर फुटेज देताना त्याच वेळी, त्यांच्यासमोर हॅश काढून पंचनाम्यात लिहून घ्यावा आणि ती फाइल आपल्याकडेही वेगळी ठेवावी. साडेअकरा दिवसांच्या डिस्कवर बाराव्या दिवशी तिच्या जागी नवं रेकॉर्डिंग आलेलं असतं.